जुन्या गाडीचं कूलंट गळतंय? आधी जागा शोधा, मग पाना उचला

जुन्या गाडीत कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी व्हायला लागलं की सुरुवातीला कोणी फार मनावर घेत नाही, कूलंटच्या बाटलीत थोडं पाणी ओतलं की टेम्परेचरचा काटा खाली येतो, गाडी चालत राहते, आठवड्याने परत तेच. ही सवय इंजिनाला फार महाग पडते. कूलिंग सिस्टीम सगळीकडून बंदिस्त असते, पेट्रोलसारखं कूलंट जळून संपत नाही, त्यामुळे लेव्हल खाली जातेय म्हणजे ते कुठूनतरी बाहेर पडतंय नाहीतर इंजिनाच्या आत शिरतंय. वर्षभरात बाटलीतून थोडंसं वाफेने उडतं तेवढं सोडून द्या, पण दर महिन्याला भरावं लागत असेल तर गळती आहेच.

आणि दुसरी चूक म्हणजे अंदाजाने पार्ट बदलत सुटणं. रेडिएटरखाली ओलं दिसलं म्हणून रेडिएटर बदलला, गळती तशीच, मग वॉटर पंप बदलला, तरी तशीच, आणि शेवटी निघालं काय तर वरच्या होजची (रबरी नळीची) सैल क्लिप. म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त भाग शोधण्याचा आहे. जागा नक्की कळली की दुरुस्ती बहुतेक वेळा सोपी असते, नवख्या माणसाला घरी जमण्यासारखी.

थोडक्यात सिस्टीम कशी चालते

वॉटर पंप कूलंट इंजिनातून फिरवतो, इंजिन गरम झालं की थर्मोस्टॅट नावाचा व्हॉल्व्ह उघडतो (बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान), मग कूलंट रेडिएटरमध्ये जाऊन थंड होऊन परत येतं. एक छोटा फाटा डॅशबोर्डच्या आतल्या हीटरकडे जातो. आणि या सगळ्यावर एक प्रेशर कॅप बसलेली असते, ती साधारण १ बार म्हणजे १४-१५ पीएसआयच्या आसपास प्रेशर धरून ठेवते, अगदी जुन्या गाड्यांत याच्या निम्मंसुद्धा असतं. हे प्रेशर कशाला, तर उकळायचा बिंदू वर ढकलायला. निम्मं पाणी निम्मं कूलंट असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, तेच १ बार प्रेशरखाली १२५ च्याही पुढे तग धरतं. आता बघा, गळती म्हणजे फक्त पातळ पदार्थ कमी होणं नाही, प्रेशरही जातं, आणि प्रेशर गेलं की कूलंट लवकर उकळतं. म्हणून छोट्याशा गळतीनेही चढावर काटा लाल पट्ट्याकडे सरकतो.

अजून एक बघून घ्या, तुमच्या गाडीत कॅप कुठे आहे. काही गाड्यांत कॅप रेडिएटरवरच असते आणि शेजारची बाटली नुसती ओव्हरफ्लोची असते, तिच्यात प्रेशर नसतं. काहींत बाटलीच प्रेशरची असते आणि कॅप तिच्यावर. पहिल्या प्रकारात बाटली भरलेली दिसते म्हणून निर्धास्त राहू नका, कॅप खराब असली तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असंही होतं, त्यामुळे थंड इंजिनवर कॅप उघडून रेडिएटरच्या तोंडाशी लेव्हल बघायची.

हात लावण्याआधी

गरम इंजिनची कॅप उघडायची नाही. नाही म्हणजे नाही. आत १०० अंशांच्या वरचं कूलंट प्रेशरखाली असतं, कॅप सैल होताक्षणी ते उकळून तोंडावर आणि छातीवर येतं, आणि ते भाजणं फार वाईट असतं. वरचा जाड होज हाताने दाबून बघा, तो गार आणि मऊ लागला तरच कॅपवर जाडसर फडकं ठेवून हळूहळू फिरवा, पहिल्या खाचेला थांबा, सूं आवाज पूर्ण बंद होऊ द्या, मग काढा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, कारण बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन चावी बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो आणि तुमची बोटं तिथेच असतात. (इंजिन चालू करून बघायच्या वेळी अर्थातच परत लावायची, आणि तेव्हा सैल बाह्या, ओढणी, लांब केस सगळं लांब.) गाडीखाली जायचं असेल तर स्टँड लावूनच, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. आणि कूलंट सांडलं तर लगेच पुसा. त्यात बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोडसर, म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि लहान मुलंही तोंडात घालू शकतात. थोडंसं पोटात गेलं तरी किडन्या निकामी होऊ शकतात.

पायरी १: हे कूलंटच आहे ना?

गाडी सपाट जागी उभी करा, खाली मोठा पुठ्ठा सरकवा, पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनने खुणवून ठेवा, आणि रात्रभर सोडा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. कूलंट हिरवं, निळं, नारिंगी, गुलाबी असं रंगीत असतं, बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागतं आणि गोडसर वास येतो (वासच घ्या, चव अजिबात नाही). एकदम स्वच्छ, बिनवासाचं पाणी आणि तेही डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला पडत असेल तर ते एसीचं पाणी, ते पडायलाच हवं. काळपट तेलकट असेल तर इंजिन ऑइल. लालसर आणि तेलकट असेल तर गिअरबॉक्स किंवा पॉवर स्टीअरिंगचं. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळट पातळ काही दिसलं तर ब्रेक ऑइलची शंका घ्या, आणि तसं असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ब्रेक बघा.

आधीच्या मालकाने नुसतं पाणी भरून गाडी चालवली असेल तर रंगावरून काही कळत नाही. मग थंड इंजिनवर लेव्हलला मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी त्याच जागी, गाडी गरम व्हायच्या आधी बघा. एक खबरदारी, लेव्हल नेहमी थंड असतानाच बघायची, गरम झाल्यावर कूलंट फुगतं आणि बाटलीत वर चढतं, त्यावरून काही ठरवू नका.

पायरी २: डोळ्यांनी शोधा, खालून वर

इथे बहुतेकांचं गणित चुकतं. थेंब जिथे पडतो तिथे गळती असेलच असं नाही, कूलंट होजच्या अंगावरून, इंजिनच्या कडांवरून ओघळत येतं, फॅनचा वारा आणि चालत्या गाडीचा वारा त्याला मागे ढकलतो, आणि ते भलत्याच बोल्टवरून खाली टपकतं. म्हणून ओलं दिसलं की तिथून वर जात जात सगळ्यात उंच ओली जागा शोधायची. गळती तिथे किंवा त्याच्या जरा वर असते.

गळती बारीक असेल तर ओलं दिसतच नाही, गरम इंजिनवर कूलंट लगेच सुकतं आणि मागे खपली राहते, पांढरट किंवा कूलंटच्याच रंगाची, क्षार सुकल्यासारखी. चांगला टॉर्च घ्या, एक छोटा आरसा घ्या (मोबाईलचा कॅमेरा पण चालतो, हात जात नाही तिथे मोबाईल घालून फोटो काढायचा) आणि या जागा बघा.

होज आणि क्लिपा आधी. वरचा होज, खालचा होज, हीटरकडे जाणारे दोन बारीक, आणि काही इंजिनांत वॉटर पंपाजवळ एक आखूड बायपास होज असतो तो लोक विसरतात. इंजिन थंड असताना होज दाबा, चांगला होज लवचिक असतो. कडक होऊन दाबल्यावर करकरला, किंवा टोकाशी फुगून मऊ पडलेला असेल तर तो गेला. ऑइल लागलेला होज तर हमखास फुगतो.

मग रेडिएटर. नंतरच्या काळातल्या गाड्यांचा रेडिएटर म्हणजे मधे ॲल्युमिनियमची जाळी आणि दोन्ही टोकांना प्लॅस्टिकची टाकी, दोघांच्या जोडावर रबरी सील आणि पत्र्याची दुमड. वयानुसार प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि त्या दुमडीतून किंवा होज जिथे बसतो त्या नळीच्या बुडाशी बारीक चीर जाते. प्लॅस्टिक काळं सोडून तपकिरी-पिवळट पडलं असेल तर त्याचे दिवस भरत आलेत असं समजा.

वॉटर पंपाला पुलीच्या मागे खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर पडावं म्हणून. तिथून थेंब येत असेल तर पंप बदलायचा, दुसरा उपाय नाही आणि ते भोक बुजवायचं तर अजिबात नाही. इंजिन बंद करून पुली हाताने हलवून बघा, खडखड हलली तर बेअरिंगही गेलंय.

थर्मोस्टॅटच्या झाकणाचं पॅकिंग, बाटलीच्या कडेची केसासारखी बारीक चीर, रेडिएटरचा खालचा ड्रेन कॉक, टेम्परेचर सेन्सरची बूच, हे सगळं बघून घ्या. आणि इंजिन ब्लॉकच्या कडेला वाटीसारखे बसवलेले कोअर प्लग. वर्षानुवर्षं नुसत्या पाण्यावर चाललेल्या गाडीत हे पत्र्याचे प्लग आतून गंजतात आणि एके दिवशी भोक पडतं, आणि काही तर इंजिनच्या मागे गिअरबॉक्सच्या बाजूला असतात म्हणजे दिसतही नाहीत.

गाडीच्या आतही बघा. गोडसर वास येतोय, काच आतून धुरकट होतेय आणि पुसल्यावर तेलकट थर राहतोय, डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं लागतंय, तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. बाहेर एकही थेंब नसताना कूलंट कमी होण्याचं हे एक कारण आहे.

पायरी ३: प्रेशर टेस्ट

डोळ्यांनी सापडलं नाही तर पार्ट बदलायला लागू नका, प्रेशर टेस्ट करा. हा एक साधा हातपंप असतो, गेज लावलेला, तो कॅपच्या जागी बसवायचा. माझ्या मते जुनी गाडी ठेवणाऱ्या माणसाने एकच खास हत्यार घ्यायचं तर हेच घ्यावं, नाहीतर कुणाकडून आणावं किंवा गॅरेजमध्ये फक्त ही टेस्ट करून घ्यावी. इंजिन बंद, थंड, सिस्टीम पूर्ण भरलेली, बेल्ट फिरत नाही, फॅन नाही, गरम काही नाही, आणि तरी सिस्टीमला चालत्या गाडीइतकं प्रेशर मिळतं, त्यामुळे शांतपणे टॉर्च घेऊन बघता येतं.

कॅपवर आकडा लिहिलेला असतो, ०.९ किंवा १.१ बार असा काहीतरी. पंप मारत त्या आकड्यापर्यंत जा, त्याच्या वर नको, जास्त मारलं तर चांगला असलेला जुना जोडच फुटेल. आता १५ मिनिटं थांबा. काटा जागेवर राहिला तर बाहेरची गळती नाही किंवा फारच बारीक आहे. काटा खाली येतोय तर कान देऊन ऐका, फुसफुस येते का, आणि सुका टिश्यू पेपर प्रत्येक जोडाभोवती फिरवा, ओला झाला की जागा सापडली. काही गळत्या फक्त थंडपणी होतात, रबर आणि धातू आकसलेले असताना, आणि गरम झालं की आपोआप बंद होतात, काहींचं बरोबर उलटं असतं. म्हणून थंड असताना काही सापडलं नाही तर गाडी गरम करून, मग ती गार होऊ देऊन कोमट असताना परत एकदा टेस्ट करा.

त्याच पंपाला ॲडॉप्टर लावून कॅपही तपासता येते. ॲडॉप्टर नसेल तर सील बघा, रबराला चीर किंवा खोल दाब पडलेला असेल तर कॅप बदलून टाका. आणि एक खूण लक्षात ठेवा, इंजिन गार झाल्यावर वरचा होज आत ओढला जाऊन चपटा होत असेल तर कॅपचा व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह अडकलाय, होज खराब नाही.

प्रेशर टेस्टमध्येही दिसलं नाही तर कूलंटमध्ये टाकायचा यूव्ही डाय मिळतो, तो टाकून काही दिवस गाडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्चने बघायचं, गळतीची जागा हिरवट पिवळी चमकते.

पायरी ४: आत जातंय का?

बाहेर सगळं कोरडं, कार्पेट कोरडं, पण लेव्हल खाली जातेय, तर मग हेड गॅस्केटचा (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगचा) संशय. खुणा अशा: गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर येतो (थंडीत सुरुवातीला येणारी वाफ नॉर्मल आहे, ती थोड्या वेळाने थांबते), थंड इंजिन सुरू केल्या केल्या वरचा होज टणक होतो, बाटलीत सतत बुडबुडे येतात, किंवा डिपस्टिकवर (ऑइलची लेव्हल बघायच्या पट्टीवर) ऑइल दुधी कॉफीच्या रंगाचं झालंय. ऑइल भरायच्या झाकणाखाली नुसता पिवळट फेस दिसला म्हणून मात्र घाबरू नका, छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमटपणामुळे तो येतोच, डिपस्टिक साफ असेल तर दुसऱ्या टेस्टने खात्री करा.

ती टेस्ट म्हणजे निळ्या द्रवाची. रेडिएटरच्या तोंडावर एक नळी बसवतात, इंजिन चालू ठेवून आतली हवा त्या निळ्या द्रवातून ओढतात, सिलिंडरमधला जळलेला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर द्रव पिवळा होतो. सोपी आहे, आणि हेड खोलण्याआधी करायलाच हवी. ऑटोमॅटिक गाडी असेल तर आणखी एक बघा, बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातच असते, ती आतून फुटली की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि गुलाबी दुधासारखं होतं. असं दिसलं तर गाडी चालवायची नाही, गिअरबॉक्स जाईल.

पायरी ५: दुरुस्ती

सगळ्यात जास्त वेळा करावं लागणारं काम होजचं, म्हणून ते नीट सांगतो.

इंजिन पूर्ण गार. रेडिएटरखाली रुंद ट्रे ठेवा, ड्रेन कॉक हळू सैल करा, प्लॅस्टिकचा असतो आणि जुना झाला की तुटतो, जोर लावावा लागत असेल तर तो सोडा आणि खालचा होज काढून रिकामं करा. वरचाच होज बदलायचा असेल तर सगळं काढायची गरज नाही, लेव्हल त्याच्या खाली आली की पुरे.

क्लिप सैल करून होजवर मागे सरकवा. आता जुना होज नळीला घट्ट चिकटलेला असतो आणि माणूस स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायला बघतो, तिथेच रेडिएटरची नळी तुटते आणि छोट्या कामाचं मोठं होतं. होज आधी हाताने पिळून फिरवा, ओढू नका, फिरला की निघतो. नाहीच फिरला तर होज तसाही फेकायचाच आहे, ब्लेडने लांबीत चीर द्या, नळीला ओरखडा जाऊ न देता, आणि संत्र्याच्या सालीसारखा उलगडून काढा. नळीवर जुनं रबर आणि पांढरे क्षार चिकटलेले असतात, ते बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवत काढा, बोट फिरवून बघा, गुळगुळीत लागलं पाहिजे. नव्या होजमधून पाझरण्याचं कारण बहुतेक वेळा हीच न साफ केलेली नळी असते.

नवा होज जुन्याशेजारी धरून वळणं जुळतायत का बघा. क्लिपा आधीच होजवर चढवून ठेवा. आतून थोडं कूलंट लावा म्हणजे सरकतो, ग्रीस किंवा ऑइल लावू नका, ते रबर खातं. नळीच्या टोकाशी एक उंचवटा असतो, होज त्याच्या पुढे पूर्ण आत गेला पाहिजे आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, वरती किंवा बाहेर नाही. स्क्रूची क्लिप असेल तर रबर किंचित दबेल इतकीच आवळा, रबर क्लिपच्या खाचांतून बाहेर यायला लागलं म्हणजे जास्त झालं, आणि प्लॅस्टिकच्या नळीवर तर अजूनच जपून. कंपनीची स्प्रिंगची क्लिप असेल आणि तिचा दाब चांगला असेल तर तीच परत लावा, रबर फुगतं-आकसतं त्याप्रमाणे ती दाब धरते. स्क्रूची क्लिप मात्र गाडी एकदा गरम होऊन गार झाली की परत तपासायची, थोडी सैल झालेली असते. आणि एक होज गेला असेल तर त्याच वयाचे बाकीचेही बदलून टाका, कूलंट काढलेलंच आहे.

थर्मोस्टॅटचं पॅकिंग बदलताना थर्मोस्टॅटही नवा टाका, तो स्वस्तातला पार्ट आहे आणि काम तेच आहे. स्प्रिंग इंजिनच्या बाजूला, बारीक हलणारी पिन असेल तर ती सगळ्यात वर, हवा निघायला. जुन्या पॅकिंगचे कण खरवडताना ॲल्युमिनियमवर खोल ओरखडे पाडू नका. बोल्ट बहुतेक छोटे असतात, ६ मिलिमीटरचे, ते १० न्यूटन-मीटरच्या आसपासच मागतात, लांब पाना लावून जोर केला तर आटे जातात.

वॉटर पंप बाहेरच्या बेल्टवर असेल तर घरी जमतो. टायमिंग बेल्टच्या (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या दातेरी बेल्टच्या) आत असेल तर पहिल्यांदाच पाना धरणाऱ्याने करू नये, एक दात इकडचा तिकडे झाला तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला आदळतात. गॅरेजला द्या, आणि पंपाबरोबर टायमिंग बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनरही बदलून घ्या, नाहीतर तीच मजुरी परत द्यावी लागते.

रेडिएटर जुना तांब्या-पितळेचा असेल तर चांगला कारागीर तो झाळून देतो आणि तो पुढे बरीच वर्षं चालतो. प्लॅस्टिक टाकीवाल्याला चीर गेली असेल तर इपॉक्सी लावून घरापर्यंत या, पण बदलायचाच. हीटरच्या रेडिएटरला डॅशबोर्ड खोलावा लागू शकतो. तोपर्यंत बऱ्याच गाड्यांत हीटरचे दोन्ही होज एकमेकांना जोडून त्याला बाजूला काढता येतं, हीटर चालणार नाही पण गळती थांबते. हेड गॅस्केट हे गॅरेजचंच काम, फक्त हेड काढलं की ते सपाट आहे का हे मोजायला सांगा आणि वाकलेलं असेल तर फेसिंग करून (घासून सपाट करून) घ्या, नुसतं नवं पॅकिंग टाकून बसवलं तर ते परत जातं.

गळती बंद करणारी पावडर किंवा लिक्विड टाकायचं का, हा प्रश्न येतोच. माझं स्पष्ट मत, अडकलात आणि गाडी घरी न्यायची आहे एवढ्यापुरतंच. ते बारीक भोक बुजवतं तसं हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकतं, आणि फाटलेल्या होजला त्याचा काही उपयोग नाही.

पायरी ६: भरणं आणि हवा काढणं

इथे घाई केली की चांगली दुरुस्तीही फुकट जाते, कारण आत हवा अडकली की गाडी परत गरम होते आणि वाटतं गळती राहिलीच.

कूलंट कोणतं, ते मॅन्युअलमध्ये बघा, रंगावरून ठरवू नका, रंगाचं कुठलंही एक ठरलेलं माप नाही आणि दोन वेगळ्या जातीची कूलंटं मिसळली तर गाळ धरू शकतो. तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या जुन्या गाडीला तर जपून, तिला तिच्या काळातलं जुन्या प्रकारचं कूलंटच बरं, फक्त ते साधारण २ वर्षांनी बदलावं लागतं. तयार मिश्रण असेल तर तसंच भरा. घट्ट म्हणजे पाणी न मिसळलेलं असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं करा, नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. आणि आधी पाण्याने फ्लश केलं असेल तर हे लक्षात घ्या, ब्लॉकमध्ये बरंच पाणी राहतं, वरून निम्मं-निम्मं मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. अशा वेळी मॅन्युअलमधली एकूण क्षमता बघून तिच्या निम्मं घट्ट कूलंट आधी ओतायचं, उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरायची.

हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा. गाडीचं तोंड थोडं उंचावर असेल तर अजून चांगलं. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा. नरसाळ्याने अगदी हळू ओता, मधेमधे वरचा होज दाबत राहा, बुडबुडे वर येतात. स्क्रूतून हवा न येता सलग कूलंट आलं की तो बंद करा. आता इंजिन सुरू करा, मॅन्युअलमध्ये वेगळं काही सांगितलं नसेल तर कॅप न लावता, आणि लेव्हल खाली जाईल तसं भरत राहा. थोड्या वेळाने वरचा होज एकदम गरम होतो, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, तिथे लेव्हल अचानक खाली जाऊ शकते. हीटरमधून सलग गरम हवा आली पाहिजे, गार-गरम-गार होत असेल तर हवा अजून आत आहे. लेव्हल स्थिर झाली की कॅप लावा, फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबा, काट्यावर नजर ठेवा.

रस्त्यात गरम झाली तर एसी बंद, हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल, बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गरम इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जाऊ शकतो. आणि काटा अचानक खाली आला म्हणून हुश्श करू नका, कूलंट पूर्ण संपलं की सेन्सर नुसत्या हवेत राहतो आणि काटा खोटं सांगतो, हीटरमधून गार हवा येत असेल तर नक्कीच तसं झालंय.

जुनं कूलंट गटारात किंवा झाडाखाली ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरात विष लिहा, आणि जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला विचारून तिथे द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर लेव्हल बघा, पहिल्यांदा थोडी खाली गेलेली असणं ठीक आहे, उरलेली हवा निघालेली असते, भरून परत रेघ मारा. पुढचा आठवडाभर रोज बघा आणि पुठ्ठा पण खाली राहू द्या. रेघेवर लेव्हल टिकली आणि पुठ्ठा कोरडा राहिला तर काम झालं, नाही टिकली तर प्रेशर टेस्टचा हातपंप परत लावायचा आणि पायरी ३ पासून सुरू करायचं.